ग्रहणाची नोटीस

आमच्या क्लेम्स डिपार्टमेंटमध्ये कुणी धावत येऊन “सर, भयंकर प्रकार झालाय” असं म्हणालं, की सर हातातलं पेन खाली ठेवत, टाय सारखा करत आणि विचारत, “पाहिलं कोणी?”

येणारा तिथेच अर्धा थंड होई, कारण बहुतेक वेळा त्यानं स्वतः काही पाहिलेलं नसे.

“जागा कोणाची?” हा दुसरा प्रश्न, आणि “आता करायचं काय?” हा तिसरा. उत्तरं मिळाली की सर क्षणभर छताकडे बघत आणि निकाल देत. “स्वीकारलं” किंवा “नाकारलं”. एसीचं पाणी फाइलींवर गळतंय, हे स्वीकारलं. मॅनेजरच्या केबिनमध्ये कबूतर शिरलंय, हे नाकारलं. केबिन मॅनेजरची, तेव्हा कबूतरही त्यांचंच.

ही पद्धत सरांनी शोधलेली नव्हती. ती प्राचीन रोमच्या सेनेटची होती. सृष्टीचा नेम मोडणारं काही घडलं, म्हणजे दोन डोक्यांचं वासरू जन्मलं, खेचर व्यायलं, आकाशातून दगड पडले, की रोमन लोक ती देवांच्या नाराजीची खूण मानत. पण म्हणून ऊर बडवत बसत नसत. आधी सेनेटला वर्दी द्यायची. सेनेट साक्षीदार तपासणार. घटना कुणाच्या जमिनीवर घडली ते बघणार. परक्या हद्दीतला अपशकुन रोम स्वीकारत नसे, आणि खाजगी घरातला अपशकुन त्या घरमालकाचा. त्याची शांत त्यानंच करायची. सेनेटनं स्वीकारला, तर पुरोहितांना विचारून काय तो विधी करायचा आणि मग सगळ्यांनी आपापल्या कामाला लागायचं.

“आपल्याकडे अपशकुन झाला की माणूस जन्मभर भीत राहतो,” सर म्हणत. “रोमन माणूस फाइल उघडायचा आणि बंद करायचा. त्यांच्याकडे ‘खलास’ हा शब्द नव्हता, पण वृत्ती तीच.”

सर पूर्वी मुंबईच्या एका लॉ कॉलेजात रोमन कायदा शिकवायचे. पुढे तो विषयच अभ्यासक्रमातून गेला. “हजार वर्षं रोमनं चालवला, पुढे युरोपनं घासून घासून वापरला, आणि मुंबईत एका सर्क्युलरनं खलास!” हे सांगताना त्यांना राग येत नसे, उलट हसूच येई. कॉलेजनं त्यांना कंपनी कायदा शिकवायला सांगितलं. सरांनी राजीनामा दिला आणि दुबईत एका इन्शुरन्स कंपनीत नोकरी धरली. म्हणायचे, “काम तेच आहे. लोक येऊन सांगतात की आकाश कोसळलं. आपण विचारायचं, कुणी पाहिलं?”

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन आलेला होतो. परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावचा, घरातला पहिला ग्रॅज्युएट. माझं पहिलं इंग्रजी पत्र वाचून सर म्हणाले, “यात चूक एकही नाही. पण तू घाबरलेला दिसतोस. ‘विनंती’ हा शब्द चारदा आलाय. तीन काढ.” पत्र कसं लिहावं, साहेबासमोर खुर्चीत कसं बसावं, न समजलेलं ‘समजलं नाही’ असं कसं म्हणावं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. माझं लग्न झालं आणि राहायला जागा मिळेना, तेव्हा दुबईच्या करामा भागातल्या आपल्या फ्लॅटमधली बेडरूम त्यांनी आम्हाला दिली आणि स्वतः हॉलमध्ये पलंग टाकला. अट एकच होती. आठवड्यातून एकदा भेंडीची भाजी.

माझी बायको मंगल सुरुवातीला त्यांना भ्यायची. एक तर सर ऑगस्टच्या उकाड्यातही टाय लावून छत्री घेऊन निघत. दुसरं म्हणजे सकाळी खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणि पिठलं खाता खाता ते रोमच्या बातम्या अशा काही सांगत, की जणू आत्ताच पेपरात वाचून आले आहेत.

“मंगल, बैल बोलला.”

“अगं बाई! कुठं?”

“रोममध्ये. भर बाजारात.”

“मग?”

“मग काय, सेनेटनं ठरवलं की आता त्याला सरकारी खर्चानं पोसायचं.”

मंगल हसू दाबत किचनमध्ये जाई. पुढे पुढे तीच विचारायला लागली, “आज काय झालं हो रोममध्ये?”

एका हिवाळ्यात दुबईत मोठा पाऊस झाला. रस्त्यांचे तलाव झाले, गाड्या सिग्नलला तरंगायला लागल्या. रोममध्ये दगडांचा पाऊस पडला की नऊ दिवसांचा सार्वजनिक विधी होत असे. सरांनी तशाच विधीसाठी रीतसर अर्ज टाइप करून मॅनेजरकडे पाठवला. आमचे मॅनेजर जॉर्डनचे. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होई, म्हणून सर त्यांना, रोमच्या वर्षभरापुरत्या निवडलेल्या मुख्य अधिकाऱ्यांसारखं, ‘कॉन्सल’ म्हणत. कॉन्सलनी अर्जावर लाल शाईनं शेरा मारला: पाऊस ऑफिसच्या बाहेर पडला आहे, जागा आपली नाही, नाकारलं.

सरांनी तो कागद फ्रेम करून आपल्या टेबलामागे लावला. “माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी,” असं ते आल्यागेल्याला सांगत.

आणि मग ती मेंढी.

सोमालियाहून एका लाँचमधून शेळ्यामेंढ्यांचा कळप शारजाला आला. वाटेत एक मेंढी व्यायली होती आणि कोकराला दोन डोकी होती. ही बातमी बंदरापासून बाजारापर्यंत पोचली आणि त्या कळपाला गिऱ्हाईकच मिळेना. व्यापाऱ्यानं आमच्याकडे नुकसानीचा क्लेम टाकला. फाइल वाचून सरांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. इतकी वर्षं ज्यावर लेक्चरं दिली, ते पहिल्यांदाच त्यांच्या टेबलावर आलं होतं. सर्व्हेयर पाठवायचा सोडून ते स्वतः निघाले. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या खानसाहेबांची टॅक्सी होती. हे पेशावरकडचे पठाण. त्यांना घेतलं, मला घेतलं.

बाजारात पोचल्यावर सरांनी विचारलं, “कोकरू कुठंय?”

“मेलं,” व्यापारी म्हणाला. “खलाशांनी समुद्रात टाकलं.”

सर माझ्याकडे वळले. “ऐकलंस? रोमन पुरोहितांनी नेमकं हेच केलं असतं. आपली जमीन बाटू नये म्हणून समुद्रात. या लोकांना कुणी शिकवलं?” मग व्यापाऱ्याला म्हणाले, “जन्म समुद्रावर झाला. समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही. नाकारलं.”

“हबीबी,” व्यापारी हात जोडून मोडक्या हिंदीत म्हणाला, “तुम ना बोला, ठीक. लेकिन गिऱ्हाईक तो हाँ बोलता है ना!”

सरांनी छत्री काखेत मारली. अशी अडचण रोममध्येही कुणी काढली नसावी. मग त्यांनी बाजाराच्या मधोमध उभं राहून त्या कळपातली एक मेंढी विकत घेतली. जन्मात ज्यांनी अंडंसुद्धा खाल्लं नाही त्या माणसानं. टाय लावलेला, छत्रीवाला हिंदी माणूस मेंढीचा कान धरून चाललाय हे बघायला गर्दी जमली. गर्दीतल्या एकानं दुसरी मेंढी घेतली, मग कुणी तिसरी. व्यापाऱ्यानं क्लेम मागे घेतला.

परतताना टॅक्सीत पुढे खानसाहेब, मागे मी, सर, आणि आमच्या दोघांच्या मध्ये मेंढी. खानसाहेब आरशातून बघत म्हणाले, “साब, मीटर में इसका भी लगाऊँ?” मेंढी अर्थात त्यांनाच भेट मिळणार होती.

मी सहज विचारलं, “सर, माणसाचंच मूल असं वेगळं जन्मलं तर?”

सर मेंढीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. “जुना कायदा वाईट होता,” ते म्हणाले. “बापानं मूल पाच शेजाऱ्यांना दाखवायचं. ते म्हणाले हे माणसासारखं नाही, की टाकून यायचं.”

“आणि पुढे?”

“पुढे कायदा शहाणा झाला. पण तो भाग मी टर्मच्या शेवटी शिकवायचो. तोवर पोरं वर्गात यायची बंद झालेली असायची.”

पुढच्या वर्षी मंगलला दिवस गेले. चौथा महिना चालू असताना सूर्यग्रहण आलं. गावाहून माझ्या सासूबाईंचा, म्हणजे मंगलच्या आईचा, आधीच फोन आला होता: ग्रहण पाळ, काही चिरू नको, कापू नको, एका जागी बसून राहा. मंगलनं मुंबईहून आणलेल्या कॅलेंडरवरची वेळ बघून ठेवली. त्या वेळेला पलंगावर मांडी घालून, हात पदरात घेऊन बसली. मी ऑफिसातून आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती.

मी म्हणालो, “अगं, ग्रहण तर केव्हाच सुटलं. आम्ही सगळे पार्किंगमध्ये काळ्या काचा घेऊन उभे होतो.”

तिचा चेहरा उतरला. कॅलेंडर मुंबईचं होतं, घड्याळ दुबईचं. आपल्याकडे जेव्हा संध्याकाळ असते तेव्हा इथे दुपार उतरत असते, हे आम्हाला रोज ठाऊक असायचं. गावी फोन लावताना आम्ही तेवढा हिशेब न चुकता करायचो. पण ग्रहणाला तो करायचा असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरं ग्रहण लागलं होतं तेव्हा मंगल किचनमध्ये विळी घेऊन सरांसाठी भेंडी चिरत होती.

मुलगी झाली. सात पौंडांची, काळ्याभोर जावळाची, आणि वरचा ओठ मध्ये दुभंगलेला.

डॉक्टरीणबाई केरळच्या, फार समजूतदार. त्यांनी सांगितलं की टाळू चांगली आहे, तीन महिन्यांची झाली की ओठ शिवून टाकू. पुढे प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं थोडी घोटून घ्यावी लागतील, बाकी काही नाही. मंगलनं ग्रहणाचं विचारलं. त्या म्हणाल्या, “ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बनून जातो. तुमच्या ग्रहणाच्या आधीच.” मंगलनं मान डोलावली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून रडत बसली. बाळाच्या तोंडावर कायम दुपट्याचं टोक. शेजारची बाई डोकावली तर “झोपलीय” म्हणून दार लावून घ्यायची.

बाळंतपणासाठी सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. बाई मनानं मऊ, पण भ्यालेल्या. “बारसं घरातल्या घरात उरकू,” त्या म्हणाल्या. “लोकं बघतेल, बोलतेल. मी जाताना लेकराला संगं घेऊन जाते. आपरेशनला आणू माघारी. तवर माझ्यापाशी राहील, कुणाच्या डोळ्यावर यायचं नाही.”

मंगल हो म्हणाली. तिकीट काढायचं ठरलं. मीही अडवलं नाही, कारण बाळाला मांडीवर घेतलं की मंगल तोंड फिरवून घेते, हे मी रोज बघत होतो.

सर हॉलमध्ये बसून सगळं ऐकत होते. इतक्या दिवसांत त्यांनी रोमची एकही बातमी सांगितली नव्हती. शेवटी ते उठून बेडरूमच्या दाराशी आले.

“म्हणजे समुद्रापलीकडे पाठवताय,” ते म्हणाले.

मंगलनं दुपट्याचं टोक आणखी पुढे ओढलं.

“शुक्रवारी सकाळी सुनावणी आहे,” सर म्हणाले. “सगळ्यांनी हजर राहायचं. बाळानंही.”

शुक्रवारी सर वकिलीचा काळा कोट घालून आले. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. हॉलमध्ये एका रांगेत पाच खुर्च्या मांडलेल्या. त्यांवर कोण, तर खानसाहेब, खालच्या ग्रोसरीचा मलबारी मोईदू, समोरच्या फ्लॅटमधली फिलिपिनो नर्स, वरच्या मजल्यावरच्या सिंधी आंटी आणि बिल्डिंगचा बंगाली नातूर, म्हणजे वॉचमन, हातात शिटी घेऊन.

मला टॅक्सीतलं बोलणं आठवलं. पाच शेजारी.

“सासूबाई, दुपटं काढा,” सर म्हणाले.

सासूबाईंनी मंगलकडे पाहिलं. मंगल खाली बघत होती. सासूबाईंनी दुपटं काढलं.

सरांनी बाळाला रांगेतून नेलं. पहिले खानसाहेब. “बोलो खानसाहेब, यह क्या है?”

खानसाहेब बाळाकडे बघत राहिले, मग सरांकडे. “बच्ची है साब. और क्या है? ऊँट है?”

मोईदू म्हणाला, “बेबी है. पाउडर मिल्क भेजूँ क्या ऊपर?”

सिंधी आंटींनी डोळ्यातलं काजळ बोटानं घेऊन सरळ बाळाच्या कानामागे लावलं. “जावळ बघ कित्ती! माझ्या नातवाला टक्कल आहे.”

नातूर खुर्चीतून उठून उभाच राहिला आणि त्यानं सलाम ठोकला. त्याला वाटलं, नव्या भाडेकरूची ओळख करून देताहेत.

नर्सनं मात्र सरांच्या हातातून बाळ काढूनच घेतलं. “सर, बेबी इज बेबी. बट शी इज हंग्री. कोर्ट लेटर, प्लीज.” आणि ती मंगलशेजारी जाऊन बसली, बाळाचं डोकं कसं उभं धरायचं, चमचा कुठल्या बाजूनं लावायचा ते दाखवायला लागली. मंगल पहिल्यांदाच, दुपटं न ओढता, बाळाच्या तोंडाकडे नीट बघत होती. बघावंच लागलं, दूध सांडत होतं.

“पाच शेजाऱ्यांचा निकाल एकमतानं आलाय,” सरांनी जाहीर केलं. “आता ग्रहण. मंगलबाई, ग्रहण तुम्ही पाहिलंत?”

एरवी ते तिला ‘अगं मंगल’ म्हणत. आज ‘तुम्ही’ ऐकून ती सावरून बसली. “नाही. मी भेंडी चिरत होते.”

“तुमच्याकडे कॅलेंडर कुठलं?”

“मुंबईचं.”

“त्यात दुबईच्या ग्रहणाची वेळ छापली होती?”

“नाही.”

“म्हणजे मुंबईच्या ग्रहणाची नोटीस तुम्हाला मिळाली, ते तुम्ही नीट पाळलंत. दुबईच्या ग्रहणाची नोटीस तुम्हाला बजावलीच नाही. जी नोटीस पोचली नाही ती मोडल्याचा दोष कसा लागेल?”

सासूबाई पुढे सरकून बसल्या होत्या. त्यांच्या गावी जमिनीच्या वादात नोटिशी पाहिलेल्या. हे त्यांना डॉक्टरपेक्षा लवकर कळलं. “व्हय की,” त्या म्हणाल्या, “नोटीस नाही तर केस कशी उभी राहील? पर चिरलं तर खरं ना, सर?”

“चिरलं. कुठे?”

“किचनमधी.”

“किचन कुणाचं?” सरांनी कोटाच्या खिशातून फ्लॅटचा भाडेकरार काढला. “माझ्या नावावर. विळी कुणाची? माझ्या आईची, मी मुंबईहून आणलेली. भेंडी कुणासाठी? माझ्यासाठी. खाजगी घरातला अपशकुन घरमालकाचा असतो. असलाच तर तो माझा आहे. तुमचा नाही, हिचा नाही, बाळाचा तर नाहीच. मी स्वीकारला.”

खानसाहेबांना अर्थ कळला नसेल, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग सरांनी चष्मा काढला आणि आवाज एकदम साधा केला. “मंगल, तो शहाणा कायदा ऐक. रोममध्ये पुढे प्रश्न आला, की एखाद्या बाईला वेगळ्या रूपाचं मूल झालं, तर तिला आईचे हक्क मिळावेत की नाही? एक मोठा कायदेपंडित म्हणाला, मिळावेत. तिनं तिच्या बाजूनं जे करायचं ते केलं. जे नशिबानं झालं, त्याचं नुकसान आईच्या माथी मारू नये. झालं. एवढंच. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं रिकाम्या वर्गाला सांगत आलो. आज वर्ग भरलाय.”

मंगल रडली. पण ह्या वेळी भिंतीकडे तोंड करून नाही.

पोरीला हृदयाशी धरून तिनं आईला म्हटलं, “आई, तू एकटीच जा. ही इथंच राहील.”

“ऱ्हाऊ दे की,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पाच-पाच साक्षीदार हायेत, मी काय बोलू?”

बारसं पुढच्या शुक्रवारी दणक्यात झालं. सरांनी बाळासाठी दोन-तीन रोमन नावं सुचवली. सासूबाईंनी छताकडे बघितलं आणि सरांच्याच थाटात म्हणाल्या, “नाकारलं.” नाव मुक्ता ठेवलं.

अपशकुन स्वीकारला म्हणजे शांत करणं आलं. ती सरांनी स्वतःच ठरवली: यापुढे घरातली भेंडी ते चिरणार. आणि चिरली. दर शुक्रवारी टाय लावून, वर्तमानपत्र पसरून, त्यावर विळी मांडून, दुबई सोडेपर्यंत. चकत्या कधी एकसारख्या झाल्या नाहीत. मुक्ताचा ओठ शिवून झाला, ती बोलायला लागली, तेव्हा तिची अक्षरंही ह्याच वेळेला घोटली जात. सर एक भेंडी उचलून विचारत, “ही कोण?” आणि ती ओठ घट्ट मिटून, जोर लावून म्हणे, “हेंडी.” सर म्हणत, “नाकारलं. पुन्हा.”

मुक्ता केजीत जायला लागली त्या वर्षी सर रिटायर होऊन मुंबईला गेले. भाडेकरार माझ्या नावावर करून दिला आणि विळी मंगलच्या हातात. एअरपोर्टला सोडायला खानसाहेबच आले होते. “साब, अब हमारा अपशकुन कौन लेगा?” असं म्हणून त्यांनी सरांना मिठी मारली.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी पुन्हा सूर्यग्रहण आलं. मी संध्याकाळी घरी आलो तर मंगल किचनच्या फरशीवर विळी मांडून बसलेली, आणि पुढ्यात भेंडीचा ढीग. इतकी भेंडी मी करामाच्या भाजीबाजारातसुद्धा एका जागी पाहिली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. मुंबईहून सर. मी स्पीकर लावला.

“मंगल, ग्रहण होतं आज. ह्या वेळी नोटीस मिळाली होती का?”

“मिळाली होती,” मंगल विळीवरून न उठता म्हणाली. “मुंबईची वेळ लिहून ठेवली होती, इथलीपण. दोन्ही वेळेला चिरली.”

 

मुक्ता दारात येऊन उभी होती. तिनं तो ढीग बघितला आणि पाय आपटून ओरडली, “नो मम्मा! आय डोन्ट वॉन्ट भेंडी! नो भेंडी, नो भेंडी, नो भेंडी!”

“थांबा,” फोनमधून सर म्हणाले. “तिला पुन्हा एकदा म्हणू दे.”

“भेंडी!” मुक्ता फोनजवळ तोंड नेऊन गरजली.

“स्वीकारलं,” सर म्हणाले. “खलास.”